आपल्याला जड कोण जाणार?

फेब्रुवारी महिन्यात आमच्या वरूडला माणूस मोकळा सापडणे कठीण असते. मृग बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात. पहाटेपासून बागांमधून क्रेट भरण्याचे काम चालते आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. २०२५ सालच्या फेब्रुवारीत मात्र माझ्या वर्गातील तीन मुले प्रात्यक्षिकाचा तास संपला तरी प्रयोगशाळेतून हलायला तयार नव्हती. बागेत हातांची गरज असताना ही मंडळी येथे काय करीत आहेत, म्हणून मी जवळ गेलो. लंबकाच्या प्रयोगाच्या वहीत, मागच्या पानावर, आठ संघांची नावे लिहिली होती आणि वाद रंगला होता.

रणजी करंडकाच्या बाद फेरीला दोन दिवसांनी, म्हणजे ८ फेब्रुवारीला, सुरुवात होणार होती. विदर्भाने साखळीतील सातपैकी सहा सामने जिंकले होते आणि एक अनिर्णित राखला होता. उपउपांत्य सामना नागपूरला तामिळनाडूशी होता. तो जिंकला, तर उपांत्य फेरीत मुंबई किंवा हरियाना. पलीकडच्या बाजूला जम्मू-काश्मीर विरुद्ध केरळ आणि सौराष्ट्र विरुद्ध गुजरात असे सामने होते. त्या चौघांतून जो वर येईल, तो अंतिम सामन्यात.

"सर, मुंबई नाही आली पाहिजे आपल्या वाट्याले," एकजण म्हणाला.

"काहून?"

"बेचाळीस खेपा जिंकली नं थे! मांगच्या वर्षी फायनलले आपल्यालेच हरवलं."

त्याचे म्हणणे खरे होते. मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले होते आणि तेच तिचे बेचाळिसावे विजेतेपद होते. दुसऱ्याला गुजरातची धास्ती वाटत होती. तिसरा थोडा हिशेबी. त्याची अडचणच वेगळी होती. घरी तोडणी चालू असल्याने तिघांनाही नागपूरला जाण्यासाठी एकच दिवस सुट्टी मिळणार होती. ती उपांत्य सामन्याला खर्च करावी, की अंतिम सामन्यासाठी राखून ठेवावी? उपांत्य सामन्यात विदर्भ हरला, तर राखलेली सुट्टी फुकट. तिकडे गेलो आणि विदर्भ अंतिम सामन्यात पोचला, तर तो सामना घरी मोबाईलवर पाहायचा. त्याने मला सरळ विचारले, "सर, आपल्याले सगळ्यात जड कोन जाईन, हे गनितानं काढता येते का?"

येते. निदान, आपण नेमके काय विचारत आहोत हे तरी गणिताने स्पष्ट होते. आम्ही फळा पुसला आणि खडू हातात घेतला.

सर्वांत प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. 'सर्वांत जड प्रतिस्पर्धी कोण' हा एक प्रश्न दिसतो, परंतु त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला : समोर आला, तर आपल्याला हरवण्याची शक्यता कोणाची सर्वांत जास्त? दुसरा : या स्पर्धेतून आपल्याला बाहेर काढण्याची शक्यता कोणाची सर्वांत जास्त? चहाच्या टपरीवर हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि मग वाद संपत नाही. वाघ हा कुत्र्यापेक्षा नि:संशय भयंकर प्राणी आहे. पण वरूडच्या रस्त्यावर रात्री सायकलीवरून जाताना तुम्ही काळजी कशाची करता?

आता आकडे घेऊ. मुलांना मी सांगितले, प्रत्येक संघाशी नागपूरला सामना झाला तर शंभरांपैकी किती वेळा विदर्भ पुढे जाईल, ते तुम्हीच ठरवा. बरीच भांडाभांडी झाल्यावर असे ठरले : तामिळनाडूशी ६५ वेळा, मुंबईशी ५० वेळा, हरियानाशी ७० वेळा. अंतिम सामन्यात सौराष्ट्राशी ६०, गुजरातशी ६५, केरळ किंवा जम्मू-काश्मीरशी ७० वेळा. मुंबई हरियानाला शंभरांत ६० वेळा हरवील. पलीकडच्या चार संघांत मात्र एकमत होईना, म्हणून चौघांनाही अंतिम सामन्यात येण्याची सारखीच संधी धरली. हे आकडे अचूक आहेत असा माझा दावा नाही. ते तीन चाहत्यांचे अंदाज आहेत. ते कितपत विश्वासाचे, हा प्रश्न आपण नंतर घेऊ.

अपूर्णांकांचे गुणाकार डोक्यात धरणे अनेकांना जमत नाही. म्हणून एक युक्ती करू. अशी कल्पना करा, की हाच हंगाम, याच आठ संघांसह, एक हजार वेळा खेळला जातो.

या हजार हंगामांपैकी ६५० हंगामांत विदर्भ तामिळनाडूला हरवून पुढे जातो. उरलेल्या ३५० हंगामांत तेथेच आटोपते, सामान गुंडाळून घरी.

जे ६५० हंगाम उरले, त्यांतील ६० टक्के, म्हणजे ३९० हंगामांत, समोर मुंबई येते. मुंबईशी आपला सामना बरोबरीचा, म्हणून त्यांपैकी निम्म्या, म्हणजे १९५ हंगामांत मुंबई आपल्याला बाद करते. राहिलेल्या २६० हंगामांत हरियाना समोर येते आणि त्यांतील ३० टक्के, म्हणजे ७८ हंगामांत, आपल्याला हरवते. ६५० मधून १९५ व ७८ वजा करा. ३७७ उरतात. इतक्या हंगामांत विदर्भ अंतिम सामना खेळतो.

या ३७७ हंगामांत चारही प्रतिस्पर्धी सुमारे ९४-९४ वेळा समोर येतात. त्यांतून सौराष्ट्र ३८ वेळा, गुजरात ३३ वेळा आणि केरळ व जम्मू-काश्मीर प्रत्येकी २८ वेळा जिंकतात. एकूण १२७. उरले २५०.

आता फळ्यावरच्या आकड्यांकडे नीट पाहा. विदर्भाला घरी पाठवण्याचे काम कोणी किती वेळा केले? तामिळनाडूने ३५० वेळा. मुंबईने १९५ वेळा. हरियानाने ७८ वेळा. आणि ज्या गुजरातच्या धास्तीने एका मुलाची झोप उडाली होती, त्या गुजरातने हजारांत फक्त ३३ वेळा!

तिघेही गप्प झाले. ज्या तामिळनाडूबद्दल कोणी तोंडही उघडले नव्हते, तोच सर्वांत मोठा धोका निघाला. कारण उघड आहे. तामिळनाडू समोर येणार हे ठरलेले होते. मुंबई येण्यासाठी आधी आपण जिंकायला हवे आणि मुंबईनेही जिंकायला हवे. धोका म्हणजे समोर येण्याची शक्यता गुणिले हरण्याची शक्यता. या गुणाकारातील पहिली संख्या चाहते विसरतात. नावाचा दरारा फक्त दुसऱ्या संख्येत असतो.

दुसरी गोष्ट तर याहूनही चटका लावणारी आहे. मुलांनी विदर्भाला कोणत्याही सामन्यात निम्म्यापेक्षा कमी संधी दिली नव्हती. म्हणजे प्रत्येक वेळी विदर्भच वरचढ किंवा निदान बरोबरीचा. तरीसुद्धा करंडक मिळण्याची शक्यता किती? हजारांत २५०, म्हणजे चारांत एक. बाद पद्धतीची स्पर्धा अशी निर्दय असते. तीन चाळण्यांमधून धान्य जावे तसे आहे; प्रत्येक चाळणीतून बरेच खाली पडते, पण शेवटी हातात थोडेच येते. एखादा बलाढ्य संघ बाद झाला की 'ऐन वेळी कच खाल्ली' असे आपण म्हणतो. पुष्कळदा कोणी कच खाल्लेली नसते, गुणाकाराने आपले काम केलेले असते.

मग मुंबईची भीती अगदीच खुळी म्हणायची काय? तसेही नाही. समजा, कोणी येऊन सांगितले, की हरियाना मुंबईला हरवणार हे नक्की. अशा वेळी उपांत्य सामन्यातील आपली संधी ७० होते आणि हजारांत सुमारे ३०० वेळा करंडक आपला. उलट मुंबईच येणार हे नक्की असेल, तर सुमारे २१५ वेळा. म्हणजे नागपूरला तामिळनाडूशी सामना चालू असताना विदर्भाच्या चाहत्याने एक कान हरियानाच्या धावसंख्येकडे ठेवावा हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. (मुलांनी तसा ठेवलाही. त्या आठवड्यात प्रयोगशाळेतील निरीक्षणांमध्ये इतक्या चुका का आल्या, याचे कारण मला ठाऊक होते.)

आता, मघाशी राखून ठेवलेला प्रश्न. ६५, ५०, ७० हे आकडे आणायचे कोठून?

तुम्ही म्हणाल, विदर्भाने सातांतील सहा सामने जिंकले, मग त्याची जिंकण्याची शक्यता शंभरांत ८६ धरावी. येथे जरा थांबा. संत्र्याचा व्यापारी बागेत येतो, तेव्हा काय करतो ते आमच्या भागातील मुलांनी पाहिलेले असते. तो दोन-चार झाडांवरची सातच फळे हातात घेत नाही, तर साऱ्या बागेतून फिरतो. सात फळांपैकी सहा चांगली निघाली, म्हणून बागेतील ८६ टक्के माल पहिल्या प्रतीचा, असे म्हणणारा व्यापारी लवकरच दिवाळे काढील. गणित असे सांगते, की ज्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची खरी शक्यता ६५ टक्केच आहे, असा संघसुद्धा शंभर हंगामांतून सुमारे २३ हंगामांत सातपैकी सहा किंवा सातही सामने जिंकून दाखवील. सात हा फार लहान नमुना आहे. त्यातून खरी ताकद आणि नुसता योग वेगळे करता येत नाहीत.

एखाद्याची ताकद आकड्यात मांडण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली, हे सांगताना माझा ऊर थोडा भरून येतो. अर्पाद एलो हे त्यांचे नाव. जन्म १९०३ सालचा, हंगेरीतला. पुढे अमेरिकेत मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवीत आणि बुद्धिबळही उत्तम खेळत. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये व जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना सोपी आहे. प्रत्येक खेळाडूला एक गुणांक द्यायचा. दोघांच्या गुणांकांतील फरकावरून कोणाला किती यश अपेक्षित आहे ते काढायचे. फरक शून्य असेल तर ५० टक्के. शंभराचा असेल तर वरच्याला ६४ टक्के. दोनशेचा असेल तर ७६ आणि चारशेचा असेल तर ९१ टक्के. फरक कितीही वाढला तरी हा आकडा पूर्ण शंभर कधी होत नाही, हे लक्षात ठेवा.

सामना झाल्यावर प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांतील फरकाच्या प्रमाणात गुणांक बदलतो. समजा, शंभर गुणांनी वरचढ असलेला खेळाडू जिंकला. ते अपेक्षितच होते, म्हणून त्याला सुमारे ७ गुण मिळतात. पण तोच हरला, तर खालच्या खेळाडूला सुमारे १३ गुण मिळतात आणि वरच्याचे तेवढेच जातात. एकाने कमावले तितके दुसऱ्याने गमावले; दोघांची बेरीज कायम. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवताना मी मुलांना हे उदाहरण हमखास देतो. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनेही पुरुष संघांच्या क्रमवारीसाठी २०१८ पासून याच धर्तीचे सूत्र घेतले आहे. महिला संघांसाठी ते त्याच्याही आधी घेतले होते. म्हणून विश्वचषकाची चिठ्ठी निघाली, की जगभरचे चाहते आपल्या वाटेवर कोणकोण उभे आहे ते आकड्यांनी मोजू लागतात. आमच्या प्रयोगशाळेतील त्रिकूट त्याच जातीचे.

गुणांक म्हणजे विधिलिखित नव्हे, याचे उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, तेव्हा मानांकनात तिचा क्रमांक पंधरावा होता. ही स्पर्धाही बाद पद्धतीची. तिच्या वाटेत दुसऱ्या मानांकनाची जू जिनेर आली, द्रोणवल्ली हरिका आली, माजी विश्वविजेती तान झोंगयी आली आणि अंतिम सामन्यात कोनेरू हंपी आली. सगळ्या जड. दिव्या ती स्पर्धा जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. कोणी अगोदर हजार स्पर्धांचा हिशेब मांडला असता, तर त्यातही तिच्या नावापुढे काही अंक आला असताच. तो अंक लहान असला तरी शून्य नव्हता.

परंतु एक मेख आहे. एकाच आकड्याने ताकद मोजायची म्हटले, की अ हा ब पेक्षा वरचढ, ब हा क पेक्षा वरचढ, म्हणून अ हा क पेक्षा वरचढ असे मानावे लागते. उंचीच्या बाबतीत हे खरे असते. खेळात नेहमीच नसते. त्याच हंगामात, जानेवारी २०२५ मध्ये, जम्मू-काश्मीरने मुंबईला मुंबईतच पाच गडी राखून हरवले होते, आणि तेही रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल, अजिंक्य रहाणे असे खेळाडू मुंबईकडून खेळत असताना. ज्या संघाला रणजी करंडक तोवर एकदाही मिळाला नव्हता, त्याने बेचाळीस वेळच्या विजेत्यांना लोळवले. मग जम्मू-काश्मीर मुंबईपेक्षा जड म्हणायचा का? एका सामन्यावरून नाही. पण बेचाळीस या आकड्यात किती दम आहे, याचा विचार करायला ते पुरेसे आहे. त्यांतील बहुतेक करंडक जिंकणारे खेळाडू आज आजोबा झाले आहेत. ते काही नागपूरला गोलंदाजी करायला येणार नव्हते.

शिवाय मैदान आहे. खेळपट्टी, हवा, प्रवासाचा शीण, प्रेक्षक, सगळेच बदलते. म्हणून 'मुंबईशी संधी किती' हा प्रश्न अपुरा आहे. 'मुंबईशी नागपूरला किती' असे विचारायला हवे. मुलांनी वानखेडेवरचा पराभव आठवून ५० ठरवले होते. नागपूरचा विचार करून ते ५५ ठेवायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले. पण मी बोललो नाही.

आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे नियम. रणजी स्पर्धेच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जातो. त्यामुळे 'हरवणे' आणि 'पुढे जाणे' या दोन वेगळ्या गोष्टी होतात. २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याला विदर्भाची उपांत्य फेरीत कर्नाटकाशी गाठ पडली. विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. आघाडी ११६ धावांची. आता विदर्भाला सामना अनिर्णित ठेवून काहीच उपयोग नव्हता, जिंकणेच भाग होते. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकाला १९२ धावांत गुंडाळले. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा गडी बाद केले. पुढे इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक आणला. त्या पाच धावा इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर आम्ही आजही 'कर्नाटकच सर्वांत जड' असे म्हणत बसलो असतो.

आता २०२५ मध्ये प्रत्यक्ष काय झाले ते सांगतो, म्हणजे फळ्यावरचा हिशेब ताडून पाहता येईल.

आमच्या हिशेबातील सर्वांत मोठा धोका, तामिळनाडू, विदर्भाने १९८ धावांनी दूर केला. हरियानाने मुलांची निराशा केली, मुंबई आली. उपांत्य सामना नागपूरला. येथे सुट्टीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हिशेबी मुलाला मी सांगितले, अंतिम सामना पाहण्याच्या आनंदाला दहा गुण दे. तो सामना मिळण्याची शक्यता आता निम्मी, म्हणून राखलेल्या सुट्टीची किंमत दहाच्या निम्मी, पाच. मुंबईविरुद्धचा सामना पाहण्याला तू पाचांपेक्षा जास्त गुण देत असशील तर आत्ताच जा, कमी देत असशील तर थांब. गणित येथपर्यंतच येते. आनंदाचे गुण ज्याचे त्याने द्यायचे.

मुंबईच्या नावाने घाबरणाऱ्याने त्या सामन्याला आठ गुण दिले आणि शेवटच्या दिवशी, २१ फेब्रुवारीला, पहाटेची एस.टी. पकडली. ४०६ धावांचा पाठलाग करताना मुंबईचा डाव त्याच्या डोळ्यांदेखत ३२५ वर संपला. विदर्भ ८० धावांनी विजयी. हिशेबी मुलाने चार गुण दिले आणि तो थांबला. तिसऱ्याच्या वडिलांनी ऐन वेळी सुट्टीच रद्द केली; त्याचा हिशेब आमच्या फळ्यावर नव्हता.

पलीकडच्या बाजूला जे घडले ते कादंबरीत लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पुण्याच्या सामन्यात जम्मू-काश्मीरच्या पहिल्या डावात २८० धावा झाल्या, केरळच्या २८१. एका धावेची आघाडी, सामना अनिर्णित, केरळ पुढे. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावा. गुजरात त्यांच्या अगदी जवळ पोचला असताना शेवटच्या जोडीतील नागवासवालाने चेंडू जोरात टोलावला. तो शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळून उंच उडाला आणि कर्णधार सचिन बेबीच्या हातांत विसावला. गुजरात ४५५. दोन धावांची आघाडी, केरळ अंतिम फेरीत, तेही त्यांच्या इतिहासात प्रथमच. तो चेंडू टाकणारा गोलंदाज कोण असावा? आदित्य सरवटे. हाच आदित्य २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करून विदर्भाच्या दुसऱ्या विजेतेपदाचा मानकरी ठरला होता. आता तो केरळकडून खेळत होता.

म्हणजे विदर्भाच्या अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी कोण, हे एका शिरस्त्राणाच्या गोलाईवरून चेंडू कोणत्या कोनात उडाला, यावर ठरले. परावर्तनाचे नियम तुम्ही शिकला आहात. आपाती कोन इतका बारीक मोजणे कोणाच्याही हाती नसते, आणि म्हणूनच आपण शक्यतेची भाषा बोलतो.

ज्या केरळला मुलांनी सर्वांत सोप्यांत गणले होते, त्याने अंतिम सामन्यात किती घाम काढला पाहा. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सचिन बेबी ९८ वर बाद झाला. आघाडी अवघी ३७ धावांची. त्यानंतर विदर्भाने दुसऱ्या डावात खेळपट्टीवर ठाण मांडले. करुण नायरचे शतक झाले. ९ बाद ३७५ धावसंख्या असताना दोन्ही संघांनी हस्तांदोलन केले. सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा, तिसऱ्यांदा. हर्ष दुबेच्या खात्यावर हंगामातील ६९ बळी जमा झाले. रणजीच्या एका हंगामातील तो विक्रम ठरला. तीन सामन्यांकडे मागे वळून पाहिले तर विजयाचे अंतर १९८, मग ८०, मग नुसती ३७ धावांची आघाडी. जो जितका सोपा मानला, तो तितका जवळ आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण तीन आकड्यांवरून नियम काढू नये, हे आपण संत्र्यांच्या वेळी पाहिलेच आहे.

तुम्हाला हा हिशेब स्वत: करून पाहायचा असेल, तर त्याला संगणक नको. जाड कागदाच्या वीस सारख्या चिठ्ठ्या करा, त्यांवर १ ते २० अंक घाला आणि एका डब्यात टाका. पहिली चिठ्ठी काढा. १ ते १३ आली तर तामिळनाडूवर विजय, नाहीतर हंगाम संपला. चिठ्ठी परत टाकून डबा चांगला हलवा. दुसरी चिठ्ठी प्रतिस्पर्धी ठरवील : १ ते १२ आली तर मुंबई, पुढची आली तर हरियाना. तिसरी चिठ्ठी उपांत्य सामन्याची : मुंबईविरुद्ध १ ते १० असेल तर विजय, हरियानाविरुद्ध १ ते १४ असेल तर. चौथी अंतिम सामन्याची : तेथे १ ते १३ ला विजय धरा. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकायला विसरू नका. नाहीतर पुढच्या शक्यता बदलतील. असे चाळीस हंगाम खेळा आणि कोणी किती वेळा बाद केले त्याची नोंद ठेवा. करंडक दहाच्या आसपास वेळा मिळायला हवा. सात किंवा तेरा वेळा मिळाला तरी नवल मानू नका.

आम्ही तोडणी संपल्यावर हा खेळ खेळलो, तेव्हा चाळीसपैकी बारा वेळा विदर्भ जिंकला आणि चौदा वेळा तामिळनाडूने आम्हाला पहिल्याच सामन्यात घरी पाठवले. हिशेबी मुलगा चिठ्ठ्या काढत होता. तो २ मार्चला, रविवारी, राखलेली सुट्टी घेऊन अंतिम सामन्याच्या शेवटच्या दिवशी नागपूरला जाऊन आला होता. दिवसभर त्याने विदर्भाची संथ फलंदाजी पाहिली. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. अंतिम सामन्याच्या आनंदाला दहा गुण दिले होते ते बरोबर होते का, असे मी विचारले. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "सर, करंडक उचलला तेव्हा नऊ. त्याच्या आधी दिवसभर तीन."